सोळा हजारांची बोली: लिलावाच्या भिशीचा एक पुरता हिशोब

इचलकरंजीच्या एका गल्लीतली ही भिशी. सभासद २०, हप्ता ५,००० रुपये, मुदत २० महिने, दर महिन्याची १० तारीख. महिन्याला एक लाख जमतात आणि एकाच्या घरी जातात. पहिली भिशी चालवणाऱ्या काकूंची, तीवर बोली लागत नाही. दुसरीपासून लिलाव. ज्याला पैशाची नड आहे तो किती रक्कम सोडायला तयार आहे ते बोलतो, सगळ्यात जास्त सोडणारा भिशी उचलतो, आणि सुटलेली रक्कम वीसही जणांत सारखी वाटून त्या महिन्याच्या हप्त्यातून वजा होते.

जानेवारीत सुरू झालेली ही भिशी फेब्रुवारीत १८,००० सूट देऊन गेली, मार्चमध्ये १७,००० देऊन. एप्रिलची तारीख जवळ आली तेव्हा शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी वही घेऊन आल्या. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचा हंगाम असतो. त्याआधी दोन पॉवरची मशीन आणि एक ओव्हरलॉक घ्यायचं होतं, साधारण ऐंशी हजारांचा मामला. प्रश्न एकच होता: "सर, सोळा हजार सोडायचे म्हणजे लई होतात का?"

नावं देत नाही, आणि हिशोब डोक्यात राहावा म्हणून आकडे थोडे गोळा केले आहेत. बाकी प्रकरण जसं घडलं तसं.

गल्लीत चालणारे दोन हिशोब

भिशीच्या घरी बसलात तर दोन हिशोब हमखास ऐकू येतात. पहिला काकूंचा: "लाखामागं सोळा हजार, सोळा महिने राहिले, म्हणजे शेकडा एकनं पडलं." दुसरा वहिनींच्या घरधन्यांचा: "हातात चौऱ्याऐंशी येणार आणि भरायचे लाख. चौऱ्याऐंशीवर सोळा म्हणजे एकोणीस टक्के. सावकार बरा."

दोघंही एकाच जागी अडखळतात. वहिनी लाख रुपये भरणारच नाहीत, कारण दुसरे लोक जी सूट देतात तिचा विसावा हिस्सा वहिनींनाही मिळतो. आणि एप्रिलमध्ये हातात येणारे सगळे पैसे कर्जाचे नाहीत. त्यातले काही वहिनींनीच आधीच्या तीन महिन्यांत भरलेले आहेत. व्याज मोजायचं तर आधी कर्ज किती ते ठरवायला हवं.

काकूंच्या मागच्या फेरीची वही पाहिली. सूट दर महिन्याला साधारण हजाराने उतरत गेली होती आणि शेवटच्या महिन्यात शून्य झाली होती. ते साहजिकच आहे, जसजशी मुदत सरते तसतसं आधी उचलण्याचं मोल कमी होतं. हाच उतार पुढे धरला तर चौथ्या महिन्यात सूट १६,०००, पाचव्यात १५,०००, आणि विसाव्यात काही नाही. मग वहिनींचे हप्ते असे: जानेवारीत ५,०००, फेब्रुवारीत ४,१००, मार्चमध्ये ४,१५०, एप्रिलमध्ये ४,२००, आणि पुढे दर महिन्याला पन्नास रुपयांनी वाढत विसाव्या महिन्यात पुन्हा ५,०००.

एप्रिलमध्ये ८४,००० मिळतील, त्यातून त्या महिन्याचा हप्ता जाऊन हातात ७९,८००. आधी भरलेले १३,२५० स्वतःचे. म्हणजे खरं कर्ज ६६,५५० रुपये. परतफेड सोळा हप्त्यांत, ४,२५० पासून ५,००० पर्यंत, एकूण ७४,०००. व्याज ७,४५०.

रुपये-महिने

व्याजदर काढायला संगणक लागत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतले दुकानदार ज्याने व्याज काढायचे तीच रीत: किती रुपये किती महिने वापरले याचा गुणाकार करायचा. ६६,५५० चं कर्ज सोळा जवळजवळ सारख्या हप्त्यांत फिटत असेल तर सरासरी थकबाकी निम्म्याहून जराशी जास्त असते, सुमारे ३५,३५०. ती सोळा महिने, म्हणजे साधारण ५ लाख ६५ हजार रुपये-महिने. ७,४५० ला त्याने भागलं की १.३ टक्के येतात.

हे थोडं जास्त आलं, कारण हप्ते चढते आहेत आणि सुरुवातीला कर्ज हळू उतरतं. म्हणून सव्वा टक्का धरून ताळा केला. पहिल्या महिन्याचं व्याज ८३२, हप्ता ४,२५०, बाकी ६३,१३२. दुसऱ्या महिन्याचं व्याज ७८९, हप्ता ४,३००, बाकी ५९,६२१. असं सोळा ओळी उतरत गेलं की शेवटी पन्नास-साठ रुपये उरतात. दर सव्वा टक्क्याला लागून आहे हे पक्कं. वर्षाचा सरळ दर १५ टक्के, चक्रवाढीने १६ च्या आसपास.

घरधनी म्हणत होते तो सावकार शेकडा तीनवाला. त्याचे वर्षाचे ३६ टक्के वाटतात, पण व्याज थकून मुद्दलात मिसळत गेलं तर वर्षाअखेर शंभराचे १४२ रुपये ५८ पैसे होतात, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत रक्कम दुप्पट. एकोणीस टक्क्यांशी त्याची तुलना करणंच चूक होतं, कारण ते एकोणीस टक्के कुठल्याच मुदतीचे नव्हते.

बोलीची हद्द

"लई होतात का" याचं उत्तर दरात नाही. ते तुलनेत आहे. वहिनींसमोर आणखी दोन वाटा होत्या: दागिना गहाण ठेवून बँकेचं सोनेतारण, महिना एक टक्का; किंवा दोन जामीनदार देऊन पतसंस्था, महिना दीड टक्का. सावकार धरला तर तिसरी, तीन टक्के.

सूट 'स' मानू. हातात येतात १,००,००० − स, आणि त्यातून जातो ५,००० − स/२० एवढा हप्ता. स्वतःचे १३,२५० वजा केले की कर्ज उरतं:

८१,७५० − ०.९५ × स

आता पुढचे सोळा हप्ते दुसरीकडे फेडायचे असते तर तिथे आज किती कर्ज मिळालं असतं? एक टक्का दराने ६७,९१५. दीड टक्क्याने ६५,१३४. तीन टक्क्यांनी ५७,७०२. भिशी परवडते कधी, तर तिच्यातून मिळणारं कर्ज याहून कमी नसेल तेव्हा. असमता सोडवली की:

सोनेतारणाशी तुलना केली तर स ≤ १४,५६३
पतसंस्थेशी केली तर स ≤ १७,४९१
सावकाराशी केली तर स ≤ २५,३१४

एकाच बाईला, एकाच भिशीत, एकाच दिवशी १६,००० ची बोली महागही पडते आणि स्वस्तही. लिलावात लोक समोरच्याचा चेहरा बघून बोलतात, पण हद्द ठरते ती आपल्या दुसऱ्या वाटेवरून. ती आकड्यात लिहून न्यावी, नाहीतर "अजून पाचशे, अजून पाचशे" करत माणूस सावकाराच्या हद्दीपर्यंत जातो आणि त्याला कळतही नाही.

वहिनींना दागिना मोडायचा नव्हता आणि गहाण ठेवायचाही नव्हता. हा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नाही, पण त्यालाही किंमत आहे आणि ती काढता येते: १६,००० आणि १४,५६३ यांतला फरक, ०.९५ ने गुणून, साधारण १,३६५ रुपये. हे ऐकल्यावर वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच ना, मग राहू दे गळ्यात."

थांबून ऑगस्टमध्ये उचलायची का, हाही प्रश्न होता. सूट चार हजारांनी कमी लागली असती. पण गणवेशांच्या एका हंगामात खर्च जाऊन वीसेक हजार सुटतील असा वहिनींचा अंदाज होता, तेव्हा २०,००० > ४,००० यापलीकडे गणिताची गरज नव्हती.

त्यांच्या मुलाने मात्र मोबाइलवर तक्ता करून आणला होता, दर महिन्याला दहा टक्के वाढ धरून. वीस महिने दहा टक्क्यांनी वाढत गेलं की धंदा ६.७ पट होतो. कागदावर चक्रवाढ फार गोड दिसते. पण आसपासच्या शाळांतली पोरं सहा-सात पट होणार नाहीत, आणि एका बाईचे हातही. अशा धंद्याची वाढ सुरुवातीला वेगाने चढते आणि मग वरच्या मर्यादेला लागून सपाट होते. पहिल्या वर्षासाठी तर सरळ रेषाच पुरे होती: महिन्याला ४,२५० ते ५,००० चा हप्ता मशीनच्या कमाईतून निघतो की नाही, एवढंच तपासायचं. हंगामाचे जादा पैसे बाजूला ठेवले तर निघत होता.

चिठ्ठी असती तर

याच गल्लीत पूर्वी चिठ्ठीची भिशी होती. स्टीलच्या डब्यात नावं टाकायची, घरातल्या लहान पोराला एक काढायला लावायची. तिथे बोली नाही, सूट नाही, प्रत्येकाला पुरते लाख. मग लिलाव कशाला?

पहिली भिशी काकूंची सोडली तर उरले १९ जण. एप्रिलपर्यंत वहिनींची चिठ्ठी निघण्याची शक्यता ३/१९, सोळा टक्क्यांहून किंचित कमी. ऐंशी हजारांची गरज एवढ्याशा आशेवर ठेवता येत नाही. यावर एक समज पसरलेला आहे की चिठ्ठी मागे राहिलेली बरी, पुढे "चान्स वाढतो". नावं कमी होत जातात म्हणून पुढच्या सोडतीत शक्यता वाढते हे खरं, पण ती वाढ आधी न लागण्याच्या शक्यतेने खाऊन टाकलेली असते: दुसऱ्या सोडतीत नाव निघण्याची आजची शक्यता १८/१९ × १/१८, म्हणजे पुन्हा १/१९. सगळे महिने सारखेच.

चिठ्ठीच्या भिशीत फायदा-तोटा वेळेचा असतो. क्रमांक 'क' ला भिशी लागली तर १ लाख रुपये (२० − क) महिने वापरायला मिळतात, आणि स्वतःच्या हप्त्यांचे ९ लाख ५० हजार रुपये-महिने अडकतात. २० − क > ९.५ असेल, म्हणजे दहाव्यापर्यंत लागली, तर फायदा, अकराव्यापासून तोटा. आरडीचा, म्हणजे बँकेत दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या ठेवीचा, साडेसहा टक्के दर धरला तर पहिल्याला सुमारे ५,१५० चा लाभ आणि शेवटच्याला तेवढाच घाटा. बेरीज शून्य.

टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली अशा फिरत्या बचत-मंडळांचं गणित मांडलं. सगळ्यांच्या गरजा सारख्या असतील तर चिठ्ठी बरी, गरजा वेगवेगळ्या असतील तर लिलाव उजवा ठरू शकतो, असा त्याचा रोख आहे. या गल्लीत एकीकडे हंगाम गाठायची घाई असलेल्या वहिनी, आणि दुसरीकडे सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांना शेवटची भिशीच हवी असते. इथे लिलावच शोभतो.

शेवटची भिशी घेणारे काका

काका विसाव्या महिन्यात लाख घेणार. भरणार ९१,४५०. वर ८,५५० सुटले. रुपये-महिन्यांनी मोजलं तर महिना एक टक्का, चक्रवाढीने काटेकोर मोजलं तर ०.९५ च्या थोडं वर. तेच हप्ते आरडीत टाकले असते तर साधारण ४,७०० मिळाले असते. म्हणजे भिशीने जादा दिले ३,८५०.

हे ३,८५० कशाचे? जोखमीचे. भिशी उचलून एखादा पळाला तर काय होतं ते मोजू. वहिनींसारखं एप्रिलमध्ये उचलून कुणी एकही हप्ता भरला नाही तर खड्डा ७४,००० चा. उरलेल्या १९ जणांत वाटला तर माणशी ३,८९५. काकांचा सगळा जादा फायदा एकाच माणसाने, तोही पन्नासेक रुपये वरचढ करून, साफ केला.

असं होण्याची शक्यता किती? उचललेल्या प्रत्येकाची बुडवण्याची शक्यता अवघी एक टक्का धरली, तरी १९ जणांपैकी कुणीच न बुडवण्याची शक्यता ०.९९ चा १९ वा घात, ०.८२६. म्हणजे कुणीतरी एक बुडवण्याची शक्यता सतरा टक्के. ऐकून काका दचकले. पण दचकून उठायचं कारण नाही, कारण उशिरा उचलणाऱ्याकडे बाकी थोडी असते; एकोणिसाव्याने बुडवले तर एकच हप्ता जातो. सगळ्यांच्या उरलेल्या बाक्यांची बेरीज ८ लाख ९३ हजार. बुडवण्याची शक्यता 'ब' असेल आणि खड्डा सारखा वाटला, तर काकांचा सरासरी तोटा ४७,००० × ब. तो ३,८५० च्या आत राहायला ब साधारण आठ टक्क्यांच्या खाली हवा. ओळखीच्या गल्लीत तो तसा असतो.

खरी भीती वेगळीच आहे. वरच्या हिशोबात प्रत्येकाचं बुडणं स्वतंत्र धरलं आहे. इचलकरंजीत ते तसं नसतं. वीसपैकी बारा घरं यंत्रमागावर आहेत. सुताचा भाव चढला किंवा कापडाला उठाव नसला की माग एकदमच थांबतात आणि बाराही घरांचे हप्ते एकदमच लटकतात. त्या वेळी खड्डा वाटून घ्यायला कुणी उरत नाही, भिशी फुटते. दहाव्या महिन्याअखेर फुटली तर काकांचे ४३,७०० अडकलेले असतील. अशा भिश्या अकरात एक फुटत असतील तर ते जादा ३,८५० पुरते वाहून जातात. काकांना मी सांगितलं की हप्त्याची रक्कम बघू नका, सभासदांची पोटं किती वेगवेगळ्या धंद्यांवर आहेत ते बघा.

कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. १९८२ च्या चिट फंड कायद्याने परवानगी आणि नोंदणीशिवाय चिट, म्हणजे अशीच भिशी, चालवायला मनाई आहे. नोंदणीकृत चिटमध्ये चालकाला चिटच्या रकमेएवढी ठेव तारण म्हणून ठेवावी लागते, आणि त्याबदल्यात त्याचं कमिशन २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात टक्क्यांपर्यंत असू शकतं. काकू कमिशन घेत नाहीत असं सगळे म्हणतात. पण पहिली भिशी बिनसुटीची उचलून त्याही एकूण ९१,४५० च भरतात, म्हणजे लाख रुपये आधी वापरून वर ८,५५० कमावतात. आरडीच्या दराने वापराचं मोल मिळवलं तर चौदा हजारांच्या वर. दर महिन्याला लाखावर सात हजार कापण्यापेक्षा हे फार स्वस्त आहे. स्वस्त असायचं कारणही उघड आहे, कुणी पळालं तर काकू काय करणार हे कुठेच लिहिलेलं नाही.

(लकी ड्रॉच्या नावाने "नंबर लागला त्याचे पुढचे हप्ते माफ" असं जे चालतं ते यातलं नव्हे. त्या प्रकारावर १९७८ च्या कायद्याने बंदीच आहे.)

एप्रिलनंतर

बोली दहापासून सुरू झाली. बारा, चौदा, साडेचौदा. पानपट्टीवाले भाऊ साडेपंधरापर्यंत टिकले. वहिनींनी वहीच्या मागच्या पानावर १७,००० लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सोळा हजारांवर भिशी सुटली. पाचशेच्या नोटांची गड्डी काकूंनी दोनदा मोजली आणि वहीत सही घेतली.

मे आणि जूनमध्ये सूट अंदाजाप्रमाणे गेली. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये कुणी बोललंच नाही. पावसात कामं मंदावली होती, नवं काही घ्यायची कुणाला घाई नव्हती. तिन्ही महिने चिठ्ठी टाकून भिशी दिली, सूट शून्य, सगळ्यांचा हप्ता पुरता पाच हजार. वहिनींचे तीन महिन्यांत १,८०० रुपये जास्त गेले, आणि नुसत्या तेवढ्यानेच दर सव्वा टक्क्यावरून दीडच्या किंचित वर सरकला. पतसंस्थेशी बरोबरी झाली, जामीनदारांकडे चकरा वाचल्या तेवढा फायदा. पुढे एकदाही बोली लागली नसती तर? एप्रिलनंतरचे सोळाही हप्ते पाच हजारांचे धरले तर दर सव्वादोन टक्के होतो. लवकर उचलणाऱ्याचं व्याज त्याच्या स्वतःच्या बोलीइतकंच त्याच्यामागून येणाऱ्यांच्या बोलीवर ठरतं, आणि त्यावर त्याचा काहीच ताबा नसतो. हद्द ठरवताना वहिनींनी साडेसतराऐवजी सतरा लिहिलं ते या कारणाने. पाहिलं तर अजून हजारभर खाली लिहायला हरकत नव्हती.

आता पुढच्या फेरीसाठी वहिनींनी दोन गोष्टी मांडल्या आहेत. बोली न लागली तरी किमान पाच हजारांची सूट धरायची, आणि कुणी बुडवलं तर खड्डा काकूंसकट सगळ्यांनी कसा वाटायचा ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून सह्या घ्यायच्या. काकांनी आधी किमान सुटीला विरोध केला, मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांना तर दर महिन्याचे अडीचशे रुपये आयतेच सुटतात आणि विसाव्या महिन्यात काही सोडावं लागत नाही. विरोध टिकून आहे तो पावसाळ्यात चिठ्ठी लागलेल्या तिघांचा. आठव्या महिन्यात बिनसुटीचे लाख मिळण्याइतका चांगला सौदा काकूंनंतर त्यांचाच होता. दुसऱ्या मुद्द्यावर काकू म्हणाल्या, "बघू, दिवाळीनंतर."